आईने सांगितलेले काम

"तुम्ही कुठल्या?" असे पुण्यात कोणी विचारले आणि मी "उरल्याची" असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असे, "उरला? काय उरला?" मराठी माणसाला या नावाचे हसू येणारच. उरला हे रायपूर शहराच्या उत्तरेकडील गाव. आता ते छत्तीसगड राज्यात आहे. मी जी हकिकत सांगणार आहे ती 1990 सालच्या डिसेंबरातील. तेव्हा छत्तीसगड हे वेगळे राज्य झालेले नव्हते आणि आमच्या पत्त्यात 'मध्य प्रदेश' असे लिहावे लागे. गावाभोवती कारखान्यांची वसाहत वाढत होती. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या सळ्या ओढणाऱ्या रोलिंग मिल रात्रंदिवस चालू असत. माझे वडील अशाच एका मिलमध्ये काम करीत आणि आम्ही मिलच्या मागच्या चाळीत राहत असू. पाळी बदलताना भोंगा होई. त्या भोंग्यावर आमच्या घरातील जेवणखाण, झोप आणि माझा अभ्यास चाले.

मराठी माणसे इतक्या दूर कशी, असेही पुण्याच्या लोकांना वाटे. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगडावर आली आणि 1854 साली इंग्रजांनी ते राज्य खालसा करीपर्यंत टिकली. त्या काळात कारकून, पुजारी, सैनिक अशी कितीतरी मराठी घराणी तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. रायपुरातील तात्यापारा भागात आजही जुनी मराठी आडनावे भेटतात. आमचे शिक्षण हिंदीतून झाले. मराठी ही घरातली, सणावारांची आणि आईच्या रागावण्याची भाषा. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, मला मराठीतच एम. ए. करायचे होते. बी. ए. चे शेवटचे वर्ष चालू होते. पुण्यात माझी मावशी राहत होती. तिच्याकडे आठवडाभर राहून विद्यापीठात चौकशी करून यावे, असे घरात ठरले. बाबांचा होकार मिळायला पंधरा दिवस लागले. आईचा होकार मात्र तत्काळ मिळाला आणि त्यामागचे कारण निघण्याच्या आदल्या रात्री मला कळले.

आईचे माहेर खैरागडचे. तेथील राजा वीरेंद्रबहादूर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलीच्या, इंदिरेच्या, स्मरणार्थ राजवाडा दिला आणि 1956 साली त्या वाड्यात संगीत व कला यांचे विद्यापीठ सुरू झाले. त्या वाड्यात आई काही वर्षे गाणे शिकली होती. मग लग्न झाले, उरल्याला बिऱ्हाड झाले आणि तिचा तंबोरा गवसणीत शिरून माळ्यावर गेला. तो खाली काढ, असे आम्ही मुलांनी एकदोनदा म्हटले. ती हसून म्हणाली, "इथे सा कुठे लावायचा? मिल आधीच तिचा सा लावून बसलेली असते!" आम्हाला ती थट्टा वाटली. तरी शनिवारी रात्री आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागला की ती रेडिओजवळ पाटावर बसे. त्या वेळी कोणी पाणी मागितले तरी तिला ऐकू जात नसे. वीज गेली आणि रेडिओ बंद पडला तर ती बराच वेळ तशीच बसून राही.

निघण्याच्या आदल्या रात्री तिने तांदळाच्या डब्यातून काढलेल्या नोटा माझ्या हातात ठेवल्या. त्यांबरोबर एक चिठ्ठी होती. तीत तंबोऱ्याच्या तारांची मापे लिहिली होती.

"तारांचा एक जोड आण," ती म्हणाली. "आणि अजून एक काम आहे. सवाई गंधर्व महोत्सव त्याच आठवड्यात आहे. शेवटच्या पहाटे भीमसेन जोशी गातात. ते माझ्यासाठी ऐक. कुठला राग घेतला, कसा उचलला, कुठे थांबले, सगळं येऊन मला सांग."

"आई, मला रागातलं काय कळतं?"

"कळायला नको. लक्ष दे म्हणजे झालं."

नागपूरला गाडी बदलून मी महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्यास पोहोचले. मावशीचे बिऱ्हाड सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात होते. माझ्या मावसभावाने पहिल्याच दिवशी शेजारची लेडीज सायकल मिळवून दिली. त्या काळी पुणे हे सायकलींचे शहर होते. कॉलेजातल्या मुली, प्राध्यापक, दूधवाले सारेच सायकलीवर. उरल्यात मुलीने सायकलीवरून मिलच्या फाटकासमोरून जावे याची कल्पनाही करता येत नसे. येथे मला कोणी वळून पाहिलेसुद्धा नाही. त्या न पाहण्याचा मला जो आनंद झाला तो पुढचे सात दिवस माझ्या पायांत होता.

विद्यापीठाचे काम पहिल्याच दिवशी झाले. गणेशखिंडीतील ती जुनी दगडी इमारत, तिच्यापुढची हिरवळ, वडाची झाडे हे सारे पाहून मी खरे तर घाबरले होते. अर्ज कधी मिळतात, वसतिगृह मिळते का, एवढेच विचारून मी परत फिरले. एका कार्यालयातील गृहस्थांनी माझे बोलणे ऐकून, "तुमची मराठी जरा हिंदीसारखी आहे," असे म्हटले. ते खोटे नव्हते, पण परतीच्या वाटेवर मी सायकल फार जोरात चालवली, एवढे आठवते.

मग शहर पाहणे सुरू झाले. शनिवारवाडा पाहिला. 1828 सालच्या आगीत आतले महाल जळून गेले आणि आता तट, दरवाजे नि जोती उरली आहेत. माझ्या गावाचे नाव घेऊन मावसभावाने तेथे केलेला विनोद सांगण्यासारखा नाही. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगांपुढे मी दोन तास उकिडवी बसले आणि आईने दिलेल्या नोटांपैकी एक तेथेच मोडली. लक्ष्मी रस्त्यावर लग्नाची वरात अडली होती. बँडवाला सनईच्या थाटात क्लॅरिनेट वाजवीत होता आणि मागे खोळंबलेल्या रिक्षातला माणूस ओरडायचे सोडून मान डोलवीत होता. रायपुरातही वराती निघत आणि बँडही वाजत. पण इतका वेळ उभे राहून ऐकायला मला कधी सवडच झाली नव्हती.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी एक अख्खी सकाळ घालवली. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दरवाजे, बाहुल्या अशा हजारो वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयास दिले. मला खैरागडच्या इंदिरेची आठवण झाली. त्या संग्रहात वाद्येही आहेत. सारंग्या, वीणा, नाना आकारांचे तंबोरे. काचेआड ठेवलेली ती वाद्ये पाहताना मला आमचा माळा आठवला. वाद्यावर धूळ बसलेली नसली तरी ते गप्पच असते, हे मला त्या सकाळी जाणवले. पण पाहायचे अजून पुष्कळ होते, म्हणून मी पुढच्या दालनात गेले.

रात्री बालगंधर्व रंगमंदिरात बाल्कनीतून 'संगीत सौभद्र' पाहिले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे हे नाटक 1882 साली रंगभूमीवर आले. शंभराहून अधिक वर्षांनी लोक त्यातील पदांना 'वन्स मोअर' देत होते आणि नट पद पुन्हा म्हणत होता. शेजारच्या आजीबाई नटाच्या आधीच पुढची ओळ पुटपुटत होत्या. कथा काय आहे याची त्यांना काळजी नव्हती, कारण ती त्यांना पाठ होती. त्या फक्त गळा ऐकायला आल्या होत्या.

तारांचा जोड आणायला मी चौथ्या दिवशी गेले. दुकान लहान होते. छताला भोपळे टांगलेले, कोपऱ्यात अर्धवट झालेल्या सतारी आणि लाकडाच्या भुश्शाचा वास. दुकानदाराने चिठ्ठी चष्म्याजवळ नेऊन वाचली.

"तंबोरा मिरजेचा का?"

मला ठाऊक नव्हते.

"जवारी कधी लावली होती?"

तेही ठाऊक नव्हते. तंबोऱ्याच्या घोडीचा वरचा भाग कानसून असा करतात की तार त्यावर नुसती टेकत नाही, ती अलगद घासत राहते. म्हणून तिचा नाद एकदम न संपता भरत जातो. यालाच जवारी म्हणतात, हे त्यांनी मला एका तंबोऱ्यावर दाखवले. तारेखाली सुती दोरा सरकवला. मघापर्यंत खट्ट वाजणारी तार एकाएकी गुणगुणू लागली. दोरा एका केसाइतका पुढे सरकवल्यावर ती पुन्हा मुकी झाली. पंढरपूरकडचा भोपळा मिरजेला जातो, तिथे त्याचा तंबोरा होतो, असेही त्यांनी सांगितले. त्यांनी तारा गुंडाळून दिल्या आणि दोऱ्याचे पैसे घेतले नाहीत. "आईंना म्हणावं, तारा बदलून भागत नाही. तंबोरा वाजता ठेवायला लागतो."

परत येताना मी गल्ली चुकले. चुकले ते बरे झाले असे तेव्हा मुळीच वाटले नाही, कारण ऊन होते आणि मावशी जेवायला थांबली असणार होती. एका वाड्याच्या खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून तंबोऱ्याचा आवाज येत होता. मी सायकल भिंतीला टेकवून उभी राहिले. आत नऊदहा वर्षांची मुलगी 'सा' लावीत होती. तिने सा लावला की समोर बसलेल्या वयस्कर बाई हाताने थांबवीत. पुन्हा सा. पुन्हा थांबवणे. बाई रागावत नव्हत्या, काही समजावतही नव्हत्या. त्या तंबोरा छेडत होत्या आणि मुलीने ऐकावे म्हणून थांबत होत्या. दहाबारा वेळा असे झाले. मधेच आतून कुकरची शिटी झाली, बाई उठून गेल्या आणि तंबोरा त्या मुलीच्या मांडीवर देऊन गेल्या. मुलगी एकटीच तो छेडीत बसली. मग तिने सा लावला आणि या वेळी तो तंबोऱ्यात असा मिसळला की तिचा आवाज कुठला नि तारेचा कुठला, हे मला सांगता येईना. बाई आतूनच म्हणाल्या, "हां."

एवढेच. मी सायकलीवर बसले आणि घरी आल्यावर मावशीची बोलणी खाल्ली.

पाचव्या दिवशी महोत्सव सुरू झाला. ज्यांना त्याची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे ते शिष्य. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी ही त्यांनी घडवलेली नावे. भीमसेन जोशींनी अकराव्या वर्षी गाण्यासाठी घर सोडले. ते गुरूच्या शोधात रेल्वेने उत्तरेत भटकले आणि पुढे घराजवळच्याच कुंदगोळला सवाई गंधर्वांपाशी शिकले. 1952 साली गुरू वारले. 1953 पासून पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त हा महोत्सव होऊ लागला. दूर हिंडून गुरू अखेर दाराशी सापडला, ही गोष्ट आईने मला लहानपणी इतक्या वेळा सांगितली होती की ती मला पुराणातलीच वाटे.

महोत्सव त्या काळी रात्रभर चाले. पेठेतल्या एका शाळेच्या पटांगणावर मांडव घातलेला. माणसे सतरंज्या, शाली, माकडटोप्या आणि चहाचे थर्मास घेऊन संध्याकाळपासून जागा धरीत. लहान मुले आईच्या मांडीवर झोपत, म्हातारे उशा घेऊन येत. आता त्या रात्री राहिल्या नाहीत. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचे बंधन आले आणि मैफली दुपारी सुरू होऊ लागल्या. कित्येक वर्षे रमणबाग शाळेच्या पटांगणावर होणारा हा महोत्सव 2018 पासून मुकुंदनगरात भरू लागला. आजारी माणसांना रात्री झोप मिळाली पाहिजे हे मला पूर्ण मान्य आहे. पण पहाटेचे राग पहाटेच ऐकलेल्या माणसाला थोडी हळहळ वाटली तर तीही समजून घ्यावी.

पहिल्या दोन रात्री मी जागी होते. सतार ऐकली, बासरी ऐकली, कथक पाहिले. एक तरुण गायिका रात्री दीडच्या सुमारास गायला बसली तेव्हा मांडव निम्मा रिकामा होता. ती इतके गोड गायली की चहाला गेलेले लोक कप हातात घेऊनच परतले. दिवसा मात्र मी झोपले नाही. सात दिवसांतले दोनच दिवस राहिले होते आणि पर्वती, तुळशीबाग, सारे पाहायचे होते. तुळशीबागेतल्या राममंदिरात मी कीर्तन ऐकले. शेवटच्या दिवशी मावसभावाच्या मित्रमैत्रिणींनी सिंहगडाचा बेत केला. मावशी म्हणाली, "अगं, आज रात्र जागायची आहे. दुपारी पड जरा." मी ऐकले नाही. गड चढले, तानाजीच्या समाधीपाशी गेले, कांद्याची भजी, पिठलंभाकरी आणि मडक्यातले दही खाल्ले आणि उड्या मारीत उतरले. रात्री मांडवात बसले तेव्हा पोटऱ्या ठणकत होत्या आणि मी स्वतःवर अत्यंत खूष होते.

पहाट होत आली. थंडी वाढली. मांडव एकाएकी गच्च भरला, रात्री घरी गेलेले लोक आंघोळ करून परत आले होते. व्यासपीठावर दोन तंबोरे जुळू लागले. भीमसेन जोशी येऊन बसले तेव्हा सारा मांडव उठून उभा राहिला, मीही राहिले. त्यांनी डोळे मिटले. तंबोऱ्यांचा तो भरीव, दाट आवाज सगळीकडे पसरला. दुकानदाराने दाखवलेली जवारी मला आठवली. आता सगळे नीट ऐकायचे, असे मी स्वतःला बजावले आणि मांडवाच्या खांबाला पाठ टेकली.

टाळ्यांच्या कडकडाटाने मला जाग आली.

ऊन आले होते. माझ्या अंगावर मावशीची शाल होती. व्यासपीठावरील माणसे उठत होती. क्षणभर मला काहीच कळेना. मग सगळे कळले आणि पोटात खड्डा पडला. एवढ्यात ध्वनिक्षेपकावरून खरखर ऐकू आली. महोत्सवाच्या शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावायची तेथील प्रथा होती. हजारो माणसे जागच्या जागी थांबली. कोणी चप्पल शोधीत नव्हते, कोणी बोलत नव्हते. अडतीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा बारीक, झिजलेला आवाज त्या उन्हात आला आणि काही मिनिटांत संपला. शेजारच्या एका आजोबांनी हात जोडले. मी रडत होते. ते गाणे ऐकून रडते आहे असे त्यांना वाटले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला आजही बोचतो.

परतीच्या गाडीत मी आईला काय सांगायचे याचा विचार केला. मावशीला रागाचे नाव विचारले असते तर तिने सांगितले असते. पण झोपले होते हे कबूल करायचे म्हणजे सिंहगडही कबूल करायचा. उरल्याला पोहोचले तेव्हा दुसरी पाळी सुटत होती. आईने मला हातपाय धुऊ दिले, भाकरी वाढली आणि समोर पाट घेऊन बसली.

"हं, सांग."

"तोडी गायले," मी म्हणाले. सकाळचा राग म्हणून मला तेवढाच आठवत होता.

"तोडी," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कसा उचलला?"

मी काहीबाही सांगितले. हळूहळू वाढवत नेला, मग ताना आल्या, लोक वाहवा म्हणत होते. रेडिओवर बोलतात तसे शब्द मी वापरले. आई ऐकत होती, पण तिचे डोळे पाटावरच्या माणसाचे नव्हते, हे मला कळत होते. ती अवघडलेली शांतता घालवायला मी तारांचा पुडा पुढे केला, दुकानदाराचा निरोप सांगितला आणि बोलता बोलता चुकलेल्या गल्लीतली ती खिडकीही सांगितली. आई सरसावून बसली.

"मुलगी केवढी होती?"

"नऊदहा वर्षांची."

"बाई काही बोलत नव्हत्या?"

"नाही. नुसत्या थांबवत होत्या."

"आणि तंबोरा तिच्याकडे देऊन आत गेल्या?"

"हो. कुकर लावला होता."

"आत भाजीबिजी करत ऐकत होत्या तर!" आई म्हणाली आणि इतकी हसली की बाबा बाहेरून बघायला आले. मग तिने ते सगळे मला पुन्हा एकदा सांगायला लावले. मुलगी कशी बसली होती, सा किती वेळ टिकला, 'हां' किती मोठ्याने म्हटले. भीमसेन जोशींचे नाव तिने पुन्हा काढले नाही. मला सुटल्यासारखे वाटले.

संक्रांतीच्या सुमारास बाबांना शिडी आणायला सांगून आईने तंबोरा खाली काढला. गवसणीवर बोटभर धूळ होती. जुन्या तारांपैकी एक गंजून तुटली होती. नव्या तारा चढवायला तिला दोन दुपारी लागल्या, खुंट्या सरकत होत्या. पहिल्या दिवशी तिचा आवाज फुटला. दुसऱ्या दिवशीही. मिलची घरघर चालूच होती. तिने आपला सा त्या घरघरीच्या जरासा वर धरला आणि खिडकी लावून घेतली. नंतर एकदा खिडकी लावायची राहिली, तेव्हा शेजारच्या चाळीतली एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. तिचे वडील भट्टीवर काम करीत. घरची भाषा छत्तीसगडी. दिवाळीच्या सुमारास बायका फेर धरून सुवागीते म्हणतात ती तिला सगळी पाठ होती. आईने तिला आधी तीच म्हणायला लावली आणि मग तंबोऱ्याजवळ बसवले. उन्हाळ्यापर्यंत अशा तीन मुली झाल्या. फी नव्हती. आई स्वयंपाकघरात भाजी फोडणीला टाकून बाहेरच्या खोलीतला सा ऐके, आणि मधूनच आतून म्हणे, "हां."

त्या वर्षी मला पुणे विद्यापीठात प्रवेश मिळाला. 1991 च्या डिसेंबरात मी महोत्सवाच्या शेवटच्या रात्री दुपारी झोपून, दोन वेळा तोंड धुऊन, खांबापासून दूर बसले. भीमसेन जोशी गायले ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही, असे मला वाटले. एकच स्वर, मग त्याच्या शेजारचा, मग पुन्हा पहिला. जणू एखादा माणूस अंधारात हाताने भिंत चाचपीत घर ओळखतो आहे. हळूहळू दारे, खिडक्या, जिना असे घर दिसू लागले. त्यांचा उजवा हात हवेतून काहीतरी जड वर उचलीत होता. तान आली तेव्हा ती गळ्यातून न येता खांद्यांतून, पाठीतून आली असे वाटले. मध्येच त्यांनी तंबोरेवाल्याकडे पाहिले, एक तंबोरा किंचित उतरला होता, तो त्यांनी हाताने खूण करून सारखा करवला आणि तेवढ्या वेळात सोडलेला स्वर जिथल्या तिथे पुन्हा उचलला. शेवटी ध्वनिमुद्रिका लागली तेव्हा मी या वेळी रडले नाही. पाय जड झाले होते, भूक लागली होती आणि मला लगेच कोणाला तरी सांगायचे होते.

मी आईला आठ पाने लिहिली. रागाचे नाव लिहायचे राहून गेले, हे पाकीट पेटीत टाकल्यावर लक्षात आले.

पंधरा दिवसांनी तिचे पोस्टकार्ड आले. चाळीतल्या बातम्या, बाबांची पाळी बदलल्याचे, धाकटीला पंचम नीट लागू लागल्याचे, असे बारीक अक्षरांत सगळे होते. कडेला जागा उरली होती तेथे आडवे लिहिले होते, "गेल्या वर्षी मावशीच्या पत्रात राग वेगळाच होता. शाल पांघरल्याचेही तिने लिहिले होते. या वेळी जागी होतीस, हे पत्रावरून दिसते. येताना दोरा आण, संपत आला आहे."